काळ्या दगडातले कथील

कथील ही आपल्याला काही परकी वस्तू नव्हे. कल्हईवाला दाराशी येऊन भाता मांडी, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकी, त्यावर कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत तांबड्या भांड्याची चांदी करून देई. हे दृश्य आता दुर्मिळ झाले असले, तरी ज्यांनी ते पाहिलेले नाही असे वडीलधारे लोक थोडेच असतील. पण ही कांडी कोठून येते, ती कोणत्या दगडातून निघते, हा प्रश्न त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांनी विचारला असेल? पुस्तकातले उत्तर सोपे आहे. कथील मिळते ते कॅसिटराइट नावाच्या खनिजातून. हे खनिज म्हणजे कथील आणि प्राणवायू यांचे साधे संयुग, अर्थात कथलाचा ऑक्साइड. मलाया, बोलिव्हिया, इंग्लंडातील कॉर्नवॉल येथून जगाला शतकानुशतके कथील मिळाले ते याच दगडातून.

परंतु हे उत्तर अपुरे आहे. ग्रॅनाइट खडकाच्या काही शिरांतून कथील दुसऱ्या एका वेषात वावरत असते. तो वेष इतका बेमालूम की, चांगल्या चांगल्या रसायनशास्त्रज्ञांची नजर त्यावर दीडशे वर्षे ठरली नाही. प्रथम त्यांनी जेथे कथील नव्हते तेथे कथील आहे असे मानले. पुढे जेथे कथील खरोखर होते तेथे ती भेसळ आहे असे ठरवले. या खनिजाचे नाव वॉजिनाइट. त्याची ओळख कशी पटली, ती पटायला इतका काळ का लागला आणि न पटल्यामुळे कोणाचे काय गेले, ही हकीकत आज सांगावी असे आम्ही योजले आहे.

आधी या शिरांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ग्रॅनाइट हा भूपृष्ठाखाली वितळलेल्या शिलारसापासून सावकाश थिजून झालेला खडक. हा रस थिजू लागला म्हणजे गारगोटी, फेल्स्पार, अभ्रक ही नेहमीची खनिजे आधी स्फटिकरूप घेतात. त्यांच्या रचनेत ज्या अणूंना जागा मिळत नाही ते अणू उरलेल्या रसात साठत जातात. काही फार मोठे असतात, काही फार लहान, काहींवरील विद्युद्भार जुळत नाही. अशा रीतीने अखेरच्या रसात पाणी, फ्लुओरिन, बोरॉन, लिथियम, सीझियम, टँटलम, नायोबियम आणि कथील यांची दाटी होते. हा पातळ रस भेगांतून शिरतो आणि तेथे खडीसाखरेप्रमाणे मोठमोठे खडे धरतो. या शिरांना पेग्मटाइट म्हणतात. बिहार आणि नेल्लोरकडचे अभ्रकाचे मोठाले पत्रे निघतात ते अशाच शिरांतून. म्हणजे पेग्मटाइट ही शिलारसाच्या पंगतीत ज्यांना पान मिळाले नाही अशांची शेवटची पंगत होय. ही पंगतीची उपमा आम्हाला पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता फिनलंडच्या किनाऱ्यावरील किमिटो नावाच्या बेटाकडे वळू. तेथील स्कोगबोले या ठिकाणी पेग्मटाइटात एक जड, काळा, चकाकदार दगड सापडे. तो जड आणि काळा, म्हणून लोक त्याला कथलाचाच एक प्रकार समजत. १८०२ साली स्वीडनमधील उप्साला येथील रसायनशास्त्रज्ञ अँडर्स गुस्ताव्ह एकेबर्ग याने त्याचे पृथक्करण केले. हा एकेबर्ग कानाने अधू होता आणि प्रयोगशाळेतील एका स्फोटात त्याचा एक डोळाही गेलेला होता. तरीही दोन डोळ्यांच्या माणसांना जे दिसले नाही ते त्याला दिसले. या दगडाचा मुख्य घटक कथील नसून एक नवेच मूलद्रव्य आहे, असे त्याने जाहीर केले. त्याचा ऑक्साइड आम्लात कितीही बुडवून ठेवला तरी आम्ल काही घेत नसे. म्हणून गळ्यापर्यंत पाण्यात उभा असूनही तहानलेला राहिलेल्या ग्रीक पुराणातील टँटॅलस राजाचे नाव त्याने या मूलद्रव्याला दिले. ते टँटलम. दगडाचे नाव पडले टँटलाइट.

याच्या आदल्याच वर्षी, १८०१ मध्ये, लंडनमध्ये चार्ल्स हॅचेट याने ब्रिटिश म्युझियममधील अमेरिकेतून आलेल्या एका काळ्या दगडातून कोलंबियम नावाचे मूलद्रव्य शोधल्याचे जाहीर केले होते. मग वाद निघाला की, ही दोन्ही एकच की काय? १८०९ मध्ये वोलस्टन या मोठ्या अधिकारी पुरुषाने निकाल दिला की, दोन्ही एकच. गंमत अशी की, दोन्ही दगडांचे विशिष्ट गुरुत्व त्याला ठाऊक होते. अमेरिकेतील दगडाचे ५.९१८ आले आणि फिनलंडच्या दगडाचे ७.९५३ आले. पाण्याच्या सहापट जड आणि आठपट जड! एवढे अंतर समोर दिसत असता त्याने ते बाजूला सारले आणि ऑक्साइडांच्या रासायनिक वागणुकीतील साम्यावर निर्णय दिला. मोठ्यांचा शब्द मोडायला वेळ लागतो. १८४४ मध्ये बर्लिनच्या हाइन्रिख रोझ याने बव्हेरियातील बोडेनमाइस येथील दगडातून टँटॅलसची मुलगी नायोबी हिच्या नावाचे नायोबियम आणि मुलगा पेलॉप्स याच्या नावाचे पेलोपियम अशी आणखी दोन मूलद्रव्ये काढली. टँटॅलसची मुले अशी अवतरली खरी, पण पेलोपियम हा पुढे भ्रमच ठरला. अखेर १८६६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या मारिन्याक याने पोटॅशियम आणि फ्लुओरिन यांच्या साहाय्याने दोघांची फारकत करण्याची रीत काढली. टँटलमचे क्षार पाण्यात कमी विरघळतात, नायोबियमचे जास्त विरघळतात. एवढ्या एका धाग्यावर त्याने हा गुंता सोडवला, आणि हीच रीत पुढे जवळजवळ एक शतक कारखान्यांतही चालली. हॅचेटचे कोलंबियम म्हणजेच नायोबियम, हेही तेव्हा स्पष्ट झाले.

या सगळ्या धामधुमीत कथलाचे काय झाले? ते विसरले गेले. जेव्हा जेव्हा टँटलाइटाच्या पृथक्करणात पाच-दहा टक्के कथील येई, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ म्हणत की, नमुन्यात कॅसिटराइटाचे कण मिसळले असावेत. हे म्हणणे उगाच नव्हते. या शिरांत कॅसिटराइट आणि टँटलाइट शेजारी शेजारी वाढतात, एकमेकांच्या पोटात कणरूपाने शिरतात, आणि दोन्ही काळे, दोन्ही जड. कुटून भुकटी केली आणि आम्लात टाकली की, कोणाचे काय हे कळण्याचा मार्गच बंद होतो. रासायनिक पृथक्करण सांगते की, पोत्यात तांदूळ किती आणि डाळ किती. ती खिचडी शिजवलेली आहे की नुसती मिसळलेली, हे ते सांगत नाही. या एका गोष्टीत आमच्या मते या साऱ्या इतिहासाची मेख आहे.

एका माणसाने मात्र कथलाला मान दिला. तो म्हणजे आडोल्फ एरिक नॉर्डेनशल्ड, ज्याने पुढे १८७८ ते १८८० या काळात ‘व्हेगा’ जहाजातून आशियाच्या उत्तर किनाऱ्याने प्रवास करून ईशान्येचा समुद्रमार्ग प्रथम पार केला तोच. तरुणपणी तो खनिजशास्त्रज्ञ होता. १८५७ मध्ये त्याने त्याच स्कोगबोले येथील एका काळ्या खनिजाला वेगळे ठरवून इक्सिओलाइट असे नाव दिले. टँटॅलसप्रमाणेच देवांचा अपराध करून शिक्षा भोगणारा, फिरत्या चाकाला बांधलेला इक्सिऑन, हा त्या नावाचा धनी. त्याच वर्षी नॉर्डेनशल्डचे रशियन राज्यकर्त्यांशी बिनसले आणि त्याला फिनलंड सोडून स्वीडनला जावे लागले. त्याचे खनिजही असेच बेघर झाले. कोणी त्याला कथीलमिश्रित टँटलाइट म्हणे, कोणी स्वतंत्र जात मानी, आणि ग्रंथकार त्याला एका पानावरून दुसऱ्या पानावर हाकलीत.

येथपर्यंतचा सगळा वाद विद्वानांचा होता. टँटलम म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटातील कुतूहल. विसाव्या शतकाच्या आरंभी हे पालटले. बर्लिनच्या सीमेन्स आणि हाल्स्के या कंपनीतील वेर्नेर फॉन बोल्टन याने १९०३ मध्ये शुद्ध टँटलम धातूची लवचीक तार काढली, आणि ती विजेच्या दिव्यात घातली. कोळशाच्या तारेपेक्षा हा दिवा कमी विजेत अधिक उजेड देई. काही वर्षे जगात टँटलमच्या दिव्यांची चलती होती. पुढे टंगस्टनची तार आली आणि ती संपली. पण त्या थोड्या वर्षांत टँटलमच्या दगडाला एकाएकी भाव आला.

तो दगड आला पश्चिम ऑस्ट्रेलियातून. पोर्ट हेडलंड बंदराच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पिल्बारा नावाच्या रखरखीत प्रदेशात वॉजिना ही जागा आहे. लोक तेथे गेले कथलासाठी. कथलाबरोबर पेग्मटाइटात आणि खालच्या वाळूत टँटलाइटही सापडले. तेथील दगडांची परीक्षा सरकारी खनिजशास्त्रज्ञ एडवर्ड सिडनी सिम्पसन याच्याकडे येई. १८९७ पासून त्याने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खनिजांचा जो पसारा तपासला, तो त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९३९ नंतर, तीन मोठ्या खंडांत छापला गेला. टँटलम आणि ॲल्युमिनियम यांच्या एका खनिजाला १९३८ मध्ये त्याच्यावरून सिम्पसोनाइट असे नाव मिळाले. तो त्या वेळी हयात होता, हे वाचून आम्हाला समाधान वाटले. खनिजशास्त्रज्ञांच्या वाट्याला हा मान पुष्कळदा उशिराच येतो.

पिल्बारातील दुसऱ्या परीक्षकांचे नाव कोणत्याही ग्रंथखंडावर नाही. ते तेथील मूळचे रहिवासी, विशेषतः त्यांच्या बायका. त्यांच्याकडे यांडी नावाचे लाकडाचे लांबट, पन्हळीसारखे भांडे असते. मूळ उपयोग गवताचे बी भुश्शातून वेगळे करण्याचा. आपल्या बायका सुपाने धान्य पाखडतात, तीच कला. हीच यांडी त्यांनी कथलाच्या आणि टँटलाइटच्या वाळूला लावली. मनगटाच्या एका विशिष्ट हिसक्याने जड कण एका बाजूला आणि हलके दुसऱ्या बाजूला जात. पाणी नसलेल्या मुलखात याहून चांगले यंत्र नव्हते. १ मे १९४६ रोजी पिल्बारातील गुरांच्या रानांवर राबणाऱ्या या लोकांनी पगारासाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी संप पुकारला. तो तीन वर्षे चालला. संप चालू असताना आणि त्यानंतर त्यांनी सहकाराने आपले पोट भरले ते यांडीने पाखडलेल्या खनिजांवर, ज्यांत कथील आणि टँटलमही होते. व्यापारी दगड विकत घेताना त्यातील टँटलम किती आणि कथील किती हे पाहून भाव ठरवी. टँटलाइटात कथील म्हणजे भेसळ आणि कथलात टँटलम म्हणजेही भेसळ. यांडी वजन ओळखते, पण सातपट जड असलेले दोन काळे कण तिला वेगळे करता येत नाहीत. एकाच कणात दोन्ही धातू अणूअणूंनी गुंफलेले असतील, तर तो कण पाखडणाऱ्याने कितीही घाम गाळला तरी शुद्ध होणार नाही. तेव्हा ‘हा दगड मिसळलेला आहे की मुळातच असा आहे’ हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर देणारे साधन १९१२ नंतर हाती आले. लाउए आणि ब्रॅग पितापुत्र यांनी दाखवून दिले की, क्ष-किरण स्फटिकातून गेले असता त्यांच्या वाटा अणूंच्या रांगांप्रमाणे ठरतात. खनिजाची चिमूटभर भुकटी क्ष-किरणांत धरली की फिल्मवर काळ्या रेषांची एक मालिका उमटते. प्रत्येक खनिजाची मालिका निराळी, जशी प्रत्येकाच्या अंगठ्याची ठेवण निराळी. दोन खनिजे नुसती मिसळलेली असतील तर दोघांच्याही रेषा एकावर एक दिसतात. शिजवलेल्या खिचडीची मालिका मात्र तिची स्वतःची.

आता गोष्ट कॅनडात जाते. मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग शहराच्या ईशान्येस, बर्निक नावाचे सरोवर आहे. १९२० नंतरच्या दशकात तेथे लोक गेले तेही कथलासाठीच. कूपनलिका खणता खणता जमिनीखाली दडलेला एक प्रचंड पेग्मटाइट लागला. एक किलोमीटरहून कितीतरी अधिक लांब आणि सुमारे २६४ कोटी वर्षांचा. कथील म्हणावे तसे मिळाले नाही. कित्येक वर्षे तो पडून राहिला. पुढे लिथियम आणि सीझियम यांच्यासाठी त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले, आणि १९६९ पासून तेथे टँटलमची खाण सुरू झाली. तिला टँको खाण म्हणतात.

या खाणीतील एक तांबूस-तपकिरी ते काळे खनिज ओटावा येथील सरकारी खाण विभागाच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट निकेल याच्या हाती आले. निकेल आणि त्याचे सहकारी रोलंड व मॅकॅडम यांनी त्याची क्ष-किरण मालिका घेतली. ती टँटलाइटाची नव्हती, कॅसिटराइटाचीही नव्हती. आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या वॉजिना येथील एका नमुन्याशी ती जुळली! दोन खंड, मध्ये महासागर, आणि अंगठ्याचा ठसा एकच. दोहोंत टँटलम, मँगॅनीज आणि कथील होते. योगायोगाने मिसळलेली भेसळ दोन ठिकाणी एकच नवी मालिका उमटवील, हे शक्य नव्हते. १९६३ मध्ये कॅनडाच्या खनिजशास्त्रविषयक नियतकालिकात त्यांनी हे नवे खनिज जाहीर केले आणि वॉजिनावरून त्याला वॉजिनाइट असे नाव दिले. पुढे निकेल पश्चिम ऑस्ट्रेलियातच, पर्थ येथे, कायमचा गेला. दगडाने माणसाला ओढून नेले असे म्हणण्याचा मोह होतो, पण नोकरीने नेले असे म्हणणे अधिक खरे.

त्याच वर्षी निकेल आणि मंडळींनी इक्सिओलाइटाचाही शंभर वर्षांचा वाद हाती घेतला. येथे आम्हाला पंगतीची उपमा पुन्हा आणावी लागते. या कुटुंबातील सर्व खनिजांत प्राणवायूचे अणू दाटीने रचलेले असतात आणि त्यांच्यामधील खोबणींत धातूंचे अणू बसतात. इक्सिओलाइटात कोणी कोठेही बसावे. टँटलम, नायोबियम, मँगॅनीज, लोह, कथील, ज्याला जे पान मिळाले ते त्याचे. कोलंबाइट-टँटलाइटात मात्र ओळी ठरलेल्या आहेत. एक ओळ लोह-मँगॅनीजची, मग दोन ओळी टँटलम-नायोबियमच्या, पुन्हा एक लोह-मँगॅनीजची. तीन ओळींनी पंगत एकदा पुरी होते, म्हणून त्याचा मूळ घटक इक्सिओलाइटाच्या तिप्पट. वॉजिनाइटात तिसरीच व्यवस्था आहे. एक ओळ सगळी टँटलमची, पुढची ओळ मँगॅनीज आणि कथील यांची आळीपाळीने, पुन्हा टँटलमची. येथे रचना दोन दिशांनी दुप्पट होते, म्हणून घटक चौपट. हा फरक फिल्मवर दिसतो तो ठळक रेषांत नव्हे. ठळक रेषा तिघांच्याही जवळजवळ सारख्याच असतात. फरक असतो तो मधल्या पुसट रेषांत. त्या पाहण्यासाठी फिल्म जास्त वेळ ठेवावी लागते आणि डोळाही.

आणखी एक चमत्कार आहे. इक्सिओलाइट भट्टीत तापवून थंड केला की, अणूंना हालचालीची मुभा मिळते आणि ते आपापल्या जागी जाऊन बसतात. काही नमुने तापवल्यावर कोलंबाइट बनतात. कथील भरपूर असलेले नमुने वॉजिनाइटाच्या व्यवस्थेत जातात. म्हणजे नॉर्डेनशल्डने १८५७ मध्ये ज्याला वेगळे मानले ते खरोखरच वेगळे होते, आणि त्यातील कथील हे पाहुणे नव्हते, घरचे होते.

१९७६ मध्ये मॅनिटोबा येथील फर्ग्युसन, हॉथॉर्न आणि ग्राइस यांनी बर्निक सरोवराच्या नमुन्यांवरून या तिन्ही खनिजांतील प्रत्येक अणूची जागा निश्चित केली, आणि कथलाचे पान कोणते हे कायमचे ठरले. आदर्श सूत्र धरले तर वॉजिनाइटात वजनाने दोन तृतीयांश टँटलम ऑक्साइड, पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक कथलाचा ऑक्साइड आणि उरलेला मँगॅनीजचा. प्रत्यक्षात कथील यापेक्षा कमी असते, कारण त्याच्या पानावर टँटलम, लोह, टायटॅनियम यांपैकी कोणी ना कोणी येऊन बसतो. कोण बसला यावरून पुढे नवी नावे निघाली. लोहाचे, टायटॅनियमचे, लिथियमचे वॉजिनाइट अशी ही भावंडे १९९२ मध्ये एर्सिट, चेर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबात नीट मांडली. हा पेत्र चेर्नी चेकोस्लोव्हाकियातून कॅनडात आलेला. त्याच्यावरून ज्या खनिजाला नाव दिले तेही कथलाचेच आहे आणि टँको खाणीतच सापडलेले आहे. टँकोमध्ये टँटलमचे प्रमुख धातुक जे निघाले त्यात वॉजिनाइटाचा वाटा मोठा होता. जे कथील शोधायला लोक १९२० नंतर तेथे गेले, ते काही अंशी या दगडात लपून बसले होते, आणि त्यांच्या कामाचे नव्हते.

कोणी विचारील की, हातात घेऊन हा दगड ओळखता येतो का? प्रामाणिक उत्तर असे की, खात्रीने येत नाही. कॅसिटराइट अधिक कठीण असतो, त्यावर चाकूचा ओरखडा उठत नाही, आणि त्याचा कस फिकट येतो. त्याचा कण जस्ताच्या तुकड्याबरोबर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला की, त्यावर कथलाचा करडा मुलामा चढतो. खनिजशास्त्रज्ञांची ही कल्हईच म्हणाना! वॉजिनाइट त्याहून थोडा मऊ, आणि विशिष्ट गुरुत्व सव्वासातच्या आसपास, म्हणजे कॅसिटराइट आणि टँटलाइट यांच्या अगदी मध्ये. वोलस्टनप्रमाणे कोणीही येथे फसावे. आता इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने कणाच्या एकेका ठिपक्याचे पृथक्करण करता येते, त्यामुळे भेसळ की संयुग हा प्रश्न लवकर सुटतो. तरी रचना कोणती हे विचारायचे तर क्ष-किरणांकडेच जावे लागते.

ओळख न पटण्याची किंमत किती असते याचे एक उदाहरण थायलंडात घडले. तेथील फुकेत बेटावर १९६० नंतरच्या दशकात कथलाची मोठी भट्टी उभी राहिली. कथील काढून घेतल्यावर जी मळी उरे ती भरावासाठी वापरली गेली. कोणाच्या घराच्या पायात गेली, कोठे रस्त्याखाली गेली. त्या बाजूच्या कथलाच्या दगडात टँटलम असते आणि भट्टीत ते कथलाबरोबर न जाता मळीत उतरते. १९७९-८० मध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रांतील धारित्रांसाठी टँटलमची मागणी वाढून भाव भडकले, तेव्हा फुकेतचे लोक अंगणे आणि रस्ते उकरू लागले. जो माल त्यांच्या पायाखाली टाकाऊ म्हणून घातला होता, त्याला आता कथलापेक्षा अधिक मोल होते. मग मळीतून टँटलम काढण्याचा कारखाना तेथेच उभारण्यात आला. प्रदूषणाच्या भीतीने खवळलेल्या जमावाने जून १९८६ मध्ये, तो चालू होण्याआधीच, जाळून टाकला. विसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व काँगोत याच दोन धातूंच्या दगडांवरून बंदुका चालल्या. २०१० मध्ये अमेरिकेने कायदा करून कंपन्यांना त्या भागातील कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने आपल्या मालात आहे का, याची चौकशी करणे भाग पाडले. काळा कण कोणत्या खाणीतला, हे त्याच्या पोटातील अणूंवरून ओळखण्याचे प्रयत्न त्यानंतर प्रयोगशाळांतून जोराने सुरू झाले आहेत.

वॉजिना येथे आता कथील किंवा टँटलम हा मुख्य माल राहिलेला नाही. २०१७ पासून तेथून लिथियमचे धातुक निघते, विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी. एकाच शिरेने कथील, मग दिव्याची तार, मग बॅटरी अशा तीन पिढ्यांच्या गरजा पुरवल्या आहेत.

आपल्या शेजारी, गडचिरोलीच्या पलीकडे, बस्तरात १९७० नंतरच्या दशकात पेग्मटाइटात कथील असल्याचे उजेडात आले. त्यात कॅसिटराइटाबरोबर कोलंबाइट-टँटलाइटही आहे. भारतात कथलाचे धातुक काढणारा आज तेवढाच एक प्रदेश. ज्यांच्या हलबी बोलीत मराठीचे शब्द सहज ओळखू येतात, त्याच मुलखातील आदिवासी ओढ्याच्या वाळूतून हा काळा दगड धुऊन, वेचून सरकारी महामंडळाला विकत आले आहेत. विकताना तराजूत पडतो तो कथलाचा दगड म्हणून, आणि दाम मिळतो तोही कथलाचाच.